साडूंच्या दुर्बिणीतले पक्षी

मानेच्या वरच्या माणसाची एकाच सासरच्या दोन जावयांत वाटणी झालेली होती. कान, नाक आणि घसा थोरल्याकडे गेले, कारण तो त्याच गोष्टींचा डॉक्टर होता. धाकट्याच्या वाट्याला डोळे आले, तेही चष्म्यापुरते. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्याच्यासमोर नंबर काढायची खुर्ची, आणि काउंटरमागे तो.

ही वाटणी चष्मेवाल्यानं कुरकुर न करता मान्य केली होती. साडूंनी लोकांच्या कानात बॅटरी मारावी, नाकात नळी घालावी, त्याची काही हरकत नव्हती. पण एका वर्षी हा माणूस सरळ डोळ्यांच्या हद्दीत घुसला. त्यानं दुर्बीण घेतली आणि पक्षी बघायला लागला.

पक्षी बघणारे पुष्कळ असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. डॉक्टर मात्र पक्षी दाखवणारे निघाले. सुट्टीच्या दिवशी ते दोन्ही कुटुंबांना आपल्या गच्चीवर उभं करत, दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना लावून नीट जुळवत, आणि मग ती चष्मेवाल्याच्या बायकोच्या हातात देत. "बघ छोटे. चाकाला हात लावू नकोस, सेटिंग बिघडतं." छोटी, म्हणजे चष्मेवाल्याची बायको, बघायची आणि म्हणायची, "वा भावजी! काय स्पष्ट!"

हा 'वा' चष्मेवाल्याच्या पोटात सुरीसारखा जायचा. लोकांना स्पष्ट दाखवण्यात त्याची हयात गेली होती. आज्यांना सुईचं भोक दाखवलं, पोरांना फळा दाखवला, एका न्यायाधीशाला तर समोरचा वकील दाखवला. त्याच्यासाठी बायकोच्या तोंडून 'वा' निघाला तो एकदाच, दुकानात एसी बसवला तेव्हा. त्याला फार काही नको होतं. आपण दाखवलेलं काहीतरी बघून तिनं एकदा, त्याच सुरात, 'वा' म्हणावं, एवढंच.

उन्हाळ्याच्या सहलीचा विषय निघाला तो चष्मेवाल्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. समुद्रावर जायचं आणि समुद्रपक्षी बघायचे, हे डॉक्टरांनी येतानाच ठरवून आणलं होतं. कुठे बघायचे, एवढाच प्रश्न चर्चेला ठेवला होता.

"बंदरावर चला," चष्मेवाला म्हणाला. "मासळीच्या होड्या लागल्या की कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवेच्या थवे उतरतात. बाकावर बसून चहा पीत बघा. दुर्बिणीचीही गरज नाही."

दुर्बिणीची गरज नाही, हाच त्याच्या मते त्या जागेचा मुख्य गुण होता.

"साडूबुवा, ते पक्षी नव्हेत," डॉक्टर म्हणाले. "ती लिलावाला आलेली गिऱ्हाइकं. माणसाच्या हातातला पाव पळवणाऱ्याला मी पक्षी म्हणत नाही."

ताई हसली. ताई डॉक्टरांची बायकोच होती, तिचं हसणं कर्तव्यात मोडत होतं. पण छोटीही हसली, आणि जरा जास्तच हसली.

"जंगली समुद्रपक्षी बघायचे तर दीपगृहाचा कडा," डॉक्टर पुढे म्हणाले. "एरवी अख्खा समुद्र त्यांचा, शोधणार कुठे? पण उन्हाळ्यात ते कपारीत घरटी करतात. पिल्लं झाली की आईबाप जागेला बांधले गेले, जाणार कुठे? सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि थेट त्यांच्या तोंडावर पडतं. वारा मात्र समोरून. टोप्या बांधून घ्या."

"किती बारकाईनं बघता हो भावजी तुम्ही!" छोटी म्हणाली आणि म्हणता म्हणता चहा कपाच्या बाजूला, बशीत ओतला.

"धांदरट," चष्मेवाला म्हणाला. हे तो लग्न झाल्यापासून म्हणत होता, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. फक्त डॉक्टरांनी फडकं उचललं आणि मुकाट्यानं टेबल पुसलं. तेही त्याला खुपलं. हा माणूस दुसऱ्याच्या घरातलं टेबलसुद्धा पुसतो.

सहल कड्याची ठरली.

निघायच्या आठवड्यात डॉक्टर दुकानात आले आणि दुर्बीण काउंटरवर ठेवली. "आत बुरशीचा ठिपका दिसतोय. साफ करून द्या. सांभाळून हं, जीव आहे माझा."

दुपारी गिऱ्हाईक नसताना चष्मेवाल्यानं ती उघडली. ठिपका पुसायला काहीच वेळ लागला नाही. उरलेला वेळ त्यानं काचा बघण्यात घालवला. काच कशाला म्हणतात ते त्याला कळत होतं आणि तेच त्याचं दुर्दैव होतं. हिरवट झाक, कडेपर्यंत नितळ, कुठे रंगाची झालर नाही. त्याच्या दुकानातली सगळी भिंगं एका पारड्यात टाकली तरी या काचेसमोर मान खाली घालतील. आणि ही अशी काच एका घसेवाल्याच्या गळ्यात लोंबकळत होती. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, हे त्याला त्या दुपारी, एसी चालू असताना कळलं.

दुर्बीण म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या दोन दुर्बिणी. दोघींनी एकाच जागी बघायचं, एवढाच करार. तो मोडला तर माणसाला एकाऐवजी दोन दिसतात, एकावर एक, आणि थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागतं. करार पाळला जावा म्हणून नळीच्या कडेला, रबराच्या खाली, एक बारीक स्क्रू असतो. गिऱ्हाइकाला तो माहीत नसतो. चष्मेवाल्यानं रबर सोललं, पेचकस लावला आणि स्क्रू जरासा फिरवला. मग आपण काय केलं ते बघायला दुर्बीण रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या पाटीवर धरली. एका पाटीवर दुसरी पाटी चढली होती. त्याला फार बरं वाटलं.

हिशेब सरळ होता. कड्यावर डॉक्टरांना दोन दोन दिसतील, डोकं धरून ते दुर्बीण खाली ठेवतील, वरमतील. मग चष्मेवाला म्हणेल, जाऊ द्या, बंदरावर जाऊ. तिथे बाकावर, चहा पीत, तो छोटीला कुरव दाखवेल. पुढचा 'वा' त्याचा.

दुर्बीण त्यानं निघायच्या आदल्या संध्याकाळी परत केली. पेटीत घालून, पट्टा आवळून, म्हणजे वाटेत कुणी उघडून बघायला नको.

कडा खरोखर चांगला होता. हेही चष्मेवाल्याला मनातून आवडलं नाही. गवताची उतरण जिथे संपत होती तिथे लाकडी कठडा होता आणि त्याच्यापुढे जमीनच नव्हती. खाली समुद्र. समोर, पाण्यातून वर आलेला एक सुटा सुळका, आणि त्याच्या कपारीकपारीत पांढरे ठिपके. ओरडण्याचा कालवा इतका की डॉक्टरांच्या धंद्याला तोटा नव्हता. कठड्याशी आणखी दहापंधरा माणसं उभी होती. डॉक्टरांची दुर्बीण पाहताच ती सरकून जागा करून देऊ लागली, जणू तेच यजमान.

डॉक्टरांनी दुर्बीण लावली. चष्मेवाला वाट बघू लागला.

डॉक्टर कठड्यावरून पुढे वाकले.

"जोडी," ते कुजबुजले. "अगं, जोडी आहे! तो उजवीकडचा मोठा सुरय. आमच्या पक्षीमंडळातल्यांना इथे जेव्हा दिसला तेव्हा एकटाच दिसलाय. आणि ही जोडी! एक वर, एक खाली."

"काय सांगता!" ताई म्हणाली.

"थांब. वरच्यानं मान वळवली. खालच्यानंही वळवली! त्याच क्षणी! पंख उचलला, हिनंही उचलला. काय एकजीव झालेत बघ. हे प्रियाराधन आहे, दुसरं काही नाही."

कठड्याशी खळबळ उडाली. जो तो दुर्बीण मागू लागला, आणि जो तो जोडी बघून मागे सरकू लागला. "खरंच की!" "दोन आहेत, दोन!" एक बाई डोळे चोळत म्हणाल्या, "मला तर गरगरलं बाई, इतकं प्रेम बघून." डॉक्टरांनी जिथे नजर फिरवली तिथे तिथे त्यांना दांपत्यंच दिसत होती. पाणकावळे जोडीनं पंख वाळवत होते. खडकसुद्धा जोडीनं उभे होते. समुद्राला दोन क्षितिजं आली असणार, पण क्षितिजाकडे बघतो कोण?

"डोकं ठणकतंय जरा," डॉक्टर म्हणाले. "वाऱ्यामुळे." आणि त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली.

चष्मेवाला कठड्याला धरून उभा होता. आयुष्यात त्यानं एकच घातपात केला होता, आणि त्यातूनही या माणसाचा सत्कार निघत होता.

"आता छोटीला बघू द्या," डॉक्टर म्हणाले. "ये गं. चाकाला हात लावू नकोस."

छोटीनं दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. सगळे तिच्या 'वा'ची वाट बघत होते. चष्मेवाल्यानं तर दात आवळून ठेवले होते.

"एकच आहे," ती म्हणाली.

"नीट बघ, दोन आहेत. एकावर एक."

"नाही हो भावजी. पांढरं काहीतरी एकच दिसतंय."

लोक हसले. मघाच्या बाई म्हणाल्या, "त्यांना अजून सवय नसेल." ताई म्हणाली, "अगं, मला दिसले ते तुला कसे दिसत नाहीत?" छोटीचा चेहरा लालबुंद झाला. आणि तेवढ्यात डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "उडाला असेल. एक उडाला असेल आत्ताच." त्यांनी दुर्बीण काढून घेतली आणि तिच्या पाठीवर एकदा थोपटलं.

ती घाई चष्मेवाल्यानं बघितली. ते थोपटणंही. पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत होती. स्क्रू त्यानं स्वतः फिरवला होता. ज्याचे दोन्ही डोळे बघतात त्याला या दुर्बिणीतून एक दिसणं शक्यच नव्हतं. एक दिसतं ते फक्त अशा माणसाला, ज्याच्या दुसऱ्या डोळ्यानं कामावर येणं केव्हाच सोडलेलं असतं.

परतताना तो नेहमीसारखा तिच्या डाव्या हाताला चालत होता. उतरणीवर ती त्याला धडकली. ती अशी नेहमीच धडकायची, आणि इतकी वर्षं त्याला ते लाडिक वाटत आलं होतं.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात दुपारी दोघंच होते. डॉक्टर गोळी घेऊन आत आडवे झाले होते आणि ताई त्यांचं कपाळ दाबत होती. छोटीनं किटली उचलली. चष्मेवाल्यानं पहिल्यांदाच नीट बघितलं. ती किटलीचं तोंड आधी कपाच्या काठाला टेकवून बघत होती, मग ओतत होती. बोलण्याच्या नादात टेकवायचं राहिलं की चहा बशीत जात होता. धांदरटपणा नव्हताच तो.

"डावा ना?" त्यानं विचारलं.

किटली थांबली. "काय डावा?"

"डोळा."

तिनं आधी चहा ओतून पूर्ण केला, एक थेंबही न सांडता. मग म्हणाली, "जन्मापासून आहे. आळशी डोळा म्हणतात ना तो. लहानपणीच चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला हवी होती म्हणे. आता काही होत नाही. विचारून झालंय."

"कुणाला विचारलंस?"

"भावजी घेऊन गेले होते त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे."

चष्मेवाल्यानं खुर्ची जवळ ओढली. "त्यांना माहीत आहे?"

"मला चहा ओतताना बघितलं त्यांनी. त्यांच्याकडेच, फार वर्षांपूर्वी. हळूच विचारलं, एकाच डोळ्यानं बघतेस का गं? मी म्हटलं, कुणाला सांगू नका. नाही सांगितलं. ताईलासुद्धा."

"ताई सख्खी बहीण ना तुझी?"

"ताई होस्टेलवर असायची. आईनं तिलाही कळू दिलं नाही. आणि माझं लग्न ठरलं तेव्हा आई मला म्हणाली, जावई चष्मेवाला आहे, डोळ्याचं एक अक्षर काढू नकोस. मला वाटलं होतं, आठवड्यात तुम्हीच ओळखाल. मग वाटलं, महिन्यात ओळखाल." तिनं कप त्याच्यापुढे सरकवला. "मग वाटायचंच बंद झालं."

"मी एकदा विचारलं होतं तुला, नंबर काढू का म्हणून."

"तेव्हा मी नको म्हटलं आणि तुम्ही हुश्श केलंत. घरातली एक फ्रेम वाचली म्हणालात. त्या खुर्चीत गाव बसून गेलं हो. मला हाताला धरून कधी बस म्हणालात?"

चष्मेवाला चहाकडे बघत राहिला. त्याला लाज वाटत होती हे खरं, पण लाजेच्याही वर तरंगत होता तो जुनाच जळफळाट. त्या कानवाल्यानं चहाच्या एका धारेवरून निदान केलं होतं, त्याच्या बायकोच्या डोळ्याचं, आणि वर ते पोटात ठेवलं होतं. माणूस निदान बडबड्या तरी निघायचा!

"मी ती दुर्बीण बिघडवली आहे," तो एकदम म्हणाला.

"म्हणजे?"

"सगळ्यांना दोन दोन दिसताहेत ते मी केलंय. स्क्रू फिरवलाय. तुला एक दिसला, कारण एकच आहे तो. तू बरोबर होतीस. त्या गर्दीत बरोबर बघणारी तू एकटी."

छोटीनं डोळे मोठे केले. "मग ते प्रियाराधन?"

"एकटाच मान वळवतोय तो. कसलं आलंय प्रियाराधन."

"पण का केलंत असं?"

त्यानं कप बशीत फिरवला. "तू त्यांना 'वा' म्हणतेस," तो शेवटी म्हणाला. मोठ्यानं म्हटल्यावर ते कारण फारच किरकोळ वाटलं.

तिनं पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलत होते. आतून ताईनं विचारलं, "काय गं, रडतेस की काय?" "नाही, ठसका लागला," छोटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर अजून दाढी करत होते तेव्हा चष्मेवाल्यानं दुर्बीण उचलली आणि छोटीला घेऊन कड्यावर गेला. या वेळी तो तिच्या उजव्या हाताला चालला. पेचकस खिशात होताच, तो कायमच असतो. दीपगृहाच्या टोकावरची सळई समोर धरून त्यानं स्क्रू मागे फिरवला. दोन सळया एकमेकींकडे सरकल्या, चिकटल्या, एक झाल्या. घातपात संपला.

मग त्यानं ते केलं जे डॉक्टर कुणालाच करू देत नसत. उजव्या नळीवर एक कडं असतं, बघणाऱ्याच्या उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायचं. डॉक्टरांनी ते स्वतःच्या डोळ्याला जुळवून ठेवलं होतं. त्या जागेवर चष्मेवाल्यानं नखानं बारीक खूण केली, छोटीला कठड्याशी उभं केलं आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून स्वतः कडं फिरवायला लागला.

"आता बरं की मघाशी बरं?"

"आता."

"आता की मघाशी?"

"मघाशी. थोडं मागे. हां."

दिवसभरात शंभर जणांना विचारायचा प्रश्न होता तो. बायकोला मात्र त्यानं तो पहिल्यांदाच विचारला होता.

"हां," ती पुन्हा म्हणाली आणि दुर्बीण घट्ट धरली. वाऱ्यानं तिचे केस त्याच्या तोंडावर येत होते. तो वाट बघत राहिला. आता येईल. आता म्हणेल.

"त्याच्या चोचीवर लाल ठिपका आहे," ती म्हणाली. "त्या कुरवाच्या. पिवळ्या चोचीवर, खालच्या बाजूला. आणि पिल्लू त्या ठिपक्यावरच टोचतंय. मग तो तोंड उघडतो. अहो, पिल्लाच्या डोक्यावर पण ठिपके आहेत. बारीक बारीक, काळे." ती दुर्बीण खाली घेईना. "हे असं असतं होय यात?"

"मग इतके दिवस काय दिसत होतं?"

"धुकं. नुसतं पांढरं धुकं. भावजी म्हणायचे चाकाला हात लावू नकोस, म्हणून मी लावायची नाही. मला वाटायचं, एका डोळ्याला एवढंच दिसणार. आणि ते इतक्या हौसेनं दाखवतात, गप्प कसं बसायचं? मग म्हणायची वा."

चष्मेवाला कठड्यावर कोपर टेकून समुद्राकडे बघत राहिला. ज्या 'वा'पायी त्याला अन्न गोड लागलं नव्हतं, तो धुक्याला दिलेला होता. आणि त्याला स्वतःला तिनं आजही 'वा' म्हटलं नव्हतंच. ठिपके सांगण्यातून तिला सवडच मिळत नव्हती.

वरून डॉक्टरांची हाक आली. त्यानं कडं झटकन खुणेवर आणलं आणि दुर्बीण पेटीत ठेवली.

डॉक्टर आले. मागोमाग ताई, आणि जोडीची बातमी ऐकून आलेले आणखी चारपाच जण. डॉक्टरांनी दुर्बीण लावली. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. त्यांचे खांदे उतरले.

"गेली," ते म्हणाले.

"कोण हो?" ताईनं विचारलं.

"जोडीदारीण. एकटाच बसलाय बिचारा. आणि हाच नाही, अगं, सगळेच. त्या कपारीतले, या कपारीतले. प्रत्येकातला एकेक निघून गेला. रात्रीत काहीतरी झालं असणार इथे." त्यांचा आवाज खरंच कातर झाला होता. जमलेल्यांपैकी एकानं टोपी काढली.

"होतं असं," चष्मेवाला म्हणाला. "डोकं कसं आहे?"

"डोकं उतरलं एकदम. पण आता त्याचं काय!" डॉक्टरांनी दुर्बीण छोटीपुढे केली. "तू बरोबर होतीस छोटे. काल एकच आहे म्हणालीस तेव्हाच सुरुवात झाली होती. बघ, किती एकटा दिसतोय. चाकाला हात लावू नकोस."

छोटीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. चष्मेवाल्याला माहीत होतं तिला काय दिसतंय ते. कडं पुन्हा डॉक्टरांच्या खुणेवर होतं.

"वा भावजी!" ती म्हणाली. "काय स्पष्ट!"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी आली. चष्मेवाल्यानं मन लावून ऐकलं. पोटात कुठे काही गेलं नाही, सुरी नाही की टाचणी नाही. उलट कान भरून समाधान वाटलं.

काचेचं मात्र अजून खुपत होतं. काच खरोखरच फार चांगली होती.